मिश्र प्रश्नपत्रिकेत कुठलं सूत्र कुठे लावायचं?

पत्र : मी ३४ वर्षांची. परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, राहते कल्याणला. नोकरी सांभाळून पदव्युत्तर अभ्यासक्रम करते आहे; त्यात संख्याशास्त्राचा एक पेपर आहे. बारावीनंतर गणिताशी संबंध आला नव्हता. धड्याखालची उदाहरणं सुटतात, पण जुनी प्रश्नपत्रिका घेऊन बसले की बायनॉमियल, झेड-टेस्ट, टी-टेस्ट, कॉन्फिडन्स इंटरव्हल या सगळ्याचा काला होतो. पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी आली की 'रिजेक्ट' लिहायचं एवढं पाठ आहे. का, ते सांगता येत नाही. परीक्षेला सहा आठवडे आहेत. घरी रोज तासभर मिळतो. लोकलमध्ये जाता-येता वेळ असतो, पण तिथे वही उघडायलाही जागा नसते. सराव कसा करू? — एक वाचक, कल्याण

उत्तर : धड्याखालची उदाहरणं सुटतात आणि मिश्र पेपर सुटत नाही, यातच निदान आलं. धड्याच्या शेवटी दिलेल्या उदाहरणात पद्धत कुठली हे मथळ्यानेच सांगून टाकलेलं असतं. तुम्ही फक्त आकडे घालण्याचा सराव केलात. पेपरात निम्मे गुण पद्धत ओळखण्याचे असतात आणि तो सराव झालेलाच नाही. तेव्हा आणखी दोनशे उदाहरणं सोडवण्याआधी, कमी उदाहरणं वेगळ्या तऱ्हेने सोडवा.

तुमच्याच कामातलं एक घेऊ. रक्ताच्या ट्यूबमध्ये हिमोलिसिस होतं, म्हणजे तांबड्या पेशी फुटतात, आणि ट्यूब रद्द करावी लागते. समजा हे प्रमाण एरवी ५% आहे. (हे आणि पुढचे लॅबमधले आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत.) आता तीन प्रश्न बघा.

एक : प्रमाण ५% असेल, तर २० ट्यूबमध्ये किमान ३ खराब निघण्याची संभाव्यता किती?

दोन : आजवर प्रमाण ५% होतं. नव्या सुया आल्यापासून ४०० ट्यूबमध्ये ३० खराब निघाल्या. प्रमाण वाढलं का?

तीन : ४०० ट्यूबमध्ये ३० खराब निघाल्या. खरं प्रमाण साधारण किती ते किती असावं?

पहिल्यात समष्टीचं, म्हणजे हातातल्या नमुन्याचंच नव्हे तर एकूण सगळ्या ट्यूबचं, प्रमाण माहीत आहे आणि विचारलंय ते नमुन्याबद्दल. हे बायनॉमियल. दुसऱ्यात नमुना हातात आहे आणि समष्टीबद्दल एक ठरावीक आकडा, ५%, तपासायला दिला आहे. ही टेस्ट. तिसऱ्यात नमुना आहे, पण तपासायला आकडाच नाही. अंदाज करायचा आहे. हा कॉन्फिडन्स इंटरव्हल. म्हणजे प्रश्न वाचल्यावर पहिल्यांदा हे विचारायचं : समष्टीबद्दलचा आकडा दिला आहे का, आणि दिला असेल तर तो खरा म्हणून दिला आहे की तपासायला? एवढ्यावर तीन वाटा सुटतात. त्यानंतरचा प्रश्न : मोजलं काय, प्रमाण की सरासरी? 'इतक्यांपैकी इतके' असेल तर प्रमाण. मिलिग्रॅम, मिनिटं, रुपये असतील तर सरासरी, आणि मग झेड की टी ते ठरवायचं.

लोकलचा वेळ नेमका यासाठी वापरा. जुन्या प्रश्नपत्रिकांमधले पन्नास-साठ प्रश्न मोबाइलवर फोटो काढून ठेवा, प्रकरणांचा क्रम मोडून. उभ्या उभ्या एक प्रश्न वाचायचा आणि मनात चारच गोष्टी ठरवायच्या : प्रमाण की सरासरी, समष्टीचं काय माहीत आहे, विचारलंय काय, आणि टेस्ट असेल तर एका बाजूची की दोन बाजूंची. सोडवायचं नाही. कॅलक्युलेटर पर्समध्येच राहू दे. डोंबिवली ते दादर एवढ्या वेळात दहा-बारा प्रश्न सहज होतात. रात्री घरी उत्तरांशी ताडून बघा आणि जे चुकले त्यांपैकी दोनच पूर्ण सोडवा. पहिले दोन आठवडे एवढंच करा. वेळ वाया जातोय असं वाटेल, पण जात नाही.

आता एकेक पद्धत, आणि तिथे गुण कुठे जातात ते.

बायनॉमियलला चार अटी आहेत : प्रयत्नांची संख्या आधी ठरलेली, प्रत्येक प्रयत्नाला दोनच निकाल, संभाव्यता प्रत्येक वेळी तीच, आणि प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र. पहिल्या दोन अटी कुणी विसरत नाही. पेपर काढणारा खेळतो तो उरलेल्या दोनांशी. ५० ट्यूबच्या खोक्यात ५ तडकलेल्या आहेत, त्यातून १० काढल्या आणि परत ठेवल्या नाहीत, तर दर वेळी प्रमाण बदलतं. हे बायनॉमियल नव्हे, हायपरजिओमेट्रिक. खोकं मोठं असेल आणि तुम्ही त्यातल्या दहा टक्क्यांपेक्षा कमी उचलत असाल तर बायनॉमियल चालवून घेतात. स्वतंत्रतेचं तर तुम्हाला रोज दिसतं. एकाच माणसाने घाईत काढलेल्या, एकाच पिशवीत हिंदकळत आलेल्या २० ट्यूब हे २० स्वतंत्र प्रयत्न नाहीत. बिघडल्या तर एकत्र बिघडतात.

यानंतरची चूक शब्द वाचण्याची. सारणीत 'इतके किंवा कमी' अशी बेरीज दिलेली असते. २० ट्यूब आणि ५% साठी २ किंवा कमी खराब निघण्याची संभाव्यता ०.९२४५ आहे, ३ किंवा कमी निघण्याची ०.९८४१. 'किमान ३' म्हणजे १ वजा ०.९२४५, अर्थात ०.०७५५. घाईत १ वजा ०.९८४१ करून ०.०१५९ लिहिलं जातं. ते 'किमान ४' चं उत्तर आहे. उपाय सोपा आहे : ० ते २० आकडे एका ओळीत लिहा, हवे आहेत त्यांच्याखाली रेघ मारा, मग सारणीकडे बघा. 'ॲट लीस्ट', 'मोअर दॅन', 'नॉट मोअर दॅन', 'फ्यूअर दॅन' हे चारही शब्द प्रत्येकी पाच वेळा असे रेघ मारून करा. यात कमीपणा मानू नका, वर्षानुवर्षं शिकवणारेही फळ्यावर ही रेघ मारतात.

आता हेच दोन आकडे टेस्टमध्ये बघा. दावा : प्रमाण ५% च आहे. ही शून्य परिकल्पना. शंका : वाढलं आहे. ही पर्यायी परिकल्पना. २० ट्यूब तपासल्या, ३ खराब. पी-व्हॅल्यू म्हणजे शून्य परिकल्पना खरी मानली तर हाती आलेला निकाल किंवा त्याहून टोकाचा निकाल येण्याची संभाव्यता. ती ०.०७५५. ०.०५ पेक्षा जास्त, म्हणून रिजेक्ट करता येत नाही. ४ खराब असत्या तर ०.०१५९, रिजेक्ट. बघा, नवं सूत्र काहीच आलं नाही. टेस्ट म्हणजे बायनॉमियलचाच हिशेब. फक्त ५% हा आकडा 'माहीत आहे' ऐवजी 'क्षणभर खरा मानू' म्हणून घेतला. पी-व्हॅल्यू समजत नाही असं म्हणणाऱ्या बहुतेकांना ती झेडच्या सारणीतून शिकवलेली असते. वीस ट्यूबवर शिकलात तर समजते.

याच उदाहरणातून आणखी एक गोष्ट काढून घ्या, कारण त्यावर हमखास प्रश्न असतो. ३ खराब निघाल्या आणि रिजेक्ट झालं नाही, म्हणजे प्रमाण ५% च आहे हे सिद्ध झालं का? समजा सुया खरोखरच वाईट आहेत आणि प्रमाण दुप्पट, म्हणजे १०% झालं आहे. आपला नियम असा की ४ किंवा जास्त खराब निघाल्या तरच रिजेक्ट. १०% प्रमाणाला २० मध्ये किमान ४ निघण्याची संभाव्यता ०.१३३० येते. म्हणजे प्रमाण दुप्पट होऊनही ही टेस्ट ते शंभरातल्या तेराच वेळा पकडते. याला टेस्टची पॉवर म्हणतात. वीस ट्यूबच्या जोरावर 'सुया ठीक आहेत' म्हणणं किती पोकळ आहे ते यावरून कळावं. म्हणून निष्कर्षात 'शून्य परिकल्पना स्वीकारली' असं लिहू नका. 'नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही' असं लिहा. बरेच परीक्षक या एका शब्दावर गुण कापतात, आणि ते बरोबरच आहे.

पी-व्हॅल्यू ०.०१५९ म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता १.५९%, असं मात्र कधीही लिहू नका. इथे तुमचा व्यवसाय उपयोगी पडेल. ९५% स्पेसिफिसिटी असलेल्या, म्हणजे निरोगींपैकी ९५% ना निगेटिव्ह दाखवणाऱ्या किटवर पॉझिटिव्ह आलेला माणूस ९५% आजारी असतोच असं तुम्ही म्हणाल का? १०,००० लोकांत १०० आजारी असतील आणि किटची सेन्सिटिव्हिटी (आजाऱ्यांना पकडण्याचं प्रमाण) ९०% असेल, तर ९० खरे पॉझिटिव्ह मिळतात आणि ९,९०० निरोगींपैकी ५%, म्हणजे ४९५ खोटे पॉझिटिव्ह. एकूण ५८५ पॉझिटिव्हमध्ये आजारी फक्त ९०, साधारण १५%. 'निरोगी असताना पॉझिटिव्ह येण्याची संभाव्यता' आणि 'पॉझिटिव्ह आल्यावर निरोगी असण्याची संभाव्यता' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पी-व्हॅल्यू पहिल्या जातीची. पहिल्या प्रकारची चूक म्हणजे खोटा पॉझिटिव्ह, दुसऱ्या प्रकारची म्हणजे खोटा निगेटिव्ह, पॉवर म्हणजे सेन्सिटिव्हिटी. ही जोडी लावून ठेवलीत तर व्याख्या पाठ करायला नकोत.

मोठ्या नमुन्याकडे येऊ. ४०० पैकी ३०, म्हणजे ०.०७५. ४०० × ०.०५ = २० आणि ४०० × ०.९५ = ३८०; दोन्ही आकडे ५ पेक्षा (काही पुस्तकांत १० पेक्षा) मोठे, म्हणून नॉर्मल वितरणाचा आधार घेता येतो. ही ओळ उत्तरपत्रिकेत लिहायची असते. प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) √(०.०५ × ०.९५ ÷ ४००) = ०.०१०९०. झेड = (०.०७५ − ०.०५) ÷ ०.०१०९० = २.२९. प्रश्न 'वाढलं का' असा आहे, म्हणून एका बाजूची टेस्ट, पी-व्हॅल्यू ०.०११. 'बदललं का' असं विचारलं असतं तर दोन बाजूंची, ०.०२२. बाजू प्रश्नाच्या शब्दांवरून ठरते, आकडे बघून ठरवायची नसते. नमुन्यात प्रमाण जास्त दिसलं म्हणून 'वाढलं' असं लिहून एका बाजूची टेस्ट करणं म्हणजे फासे पडल्यावर पैज लावणं.

आता इंटरव्हल. प्रमाण त्रुटी √(०.०७५ × ०.९२५ ÷ ४००) = ०.०१३१७. तिला १.९६ ने गुणलं की ०.०२५८. ९५% अंतराल ०.०४९ ते ०.१०१.

इथे थांबा. या अंतरालात ०.०५ आहे. दोन बाजूंच्या टेस्टने मात्र ५% पातळीवर ०.०५ नाकारलं होतं. 'अंतरालात दाव्याचा आकडा नसेल तर रिजेक्ट, असेल तर नाही' हा नियम तुम्हाला शिकवलेला असणार, आणि इथे तो मोडला. कारण हिशेबात आहे. टेस्टमध्ये वर्गमुळाखाली दाव्याचं प्रमाण, ०.०५ जातं, कारण तो खरा मानून चाललो आहोत. इंटरव्हलमध्ये दावाच नाही, म्हणून नमुन्याचं प्रमाण, ०.०७५ जातं. दोन प्रमाण त्रुटी वेगळ्या, म्हणून काठावरच्या उदाहरणात निकालही वेगळे. टेस्ट उलटी फिरवून काढलेला अंतराल, ज्याला विल्सनचा अंतराल म्हणतात, ०.०५३ ते ०.१०५ असा येतो आणि तो टेस्टशी जुळतो. विल्सन बहुधा तुमच्या अभ्यासक्रमात नसेल. पण कुठल्या वर्गमुळाखाली कुठलं प्रमाण घालायचं ही प्रमाणाच्या उदाहरणांमधली सगळ्यांत नेहमीची चूक आहे, आणि हे एक उदाहरण दोन्ही तऱ्हांनी हाताने करून पाहिलंत तर ती पुन्हा होणार नाही. सरासरीच्या टेस्टमध्ये ही भानगड नसते; तिथे नियम तंतोतंत जुळतो.

सरासरी घ्यायची तर तुमच्या ॲनालायझरवरचा ग्लुकोजचा कंट्रोल (किंमत आधीच माहीत असलेला नमुना) घ्या. ठरलेली किंमत १००. नऊ वेळा चालवला, सरासरी १०२. प्रमाण विचलन (स्टँडर्ड डीव्हिएशन) ३. मशीन सरकलं आहे का? प्रमाण त्रुटी ३ ÷ √९ = १, म्हणून गुणोत्तर २.० येतं. इथपर्यंत कुणाचं चुकत नाही. पुढचा प्रश्न : ३ हा आकडा आला कुठून? कंट्रोल बनवणाऱ्याने किंवा दीर्घ काळच्या नोंदींनी दिलेला, म्हणजे समष्टीचा असेल, तर झेड. दोन बाजूंची क्रिटिकल व्हॅल्यू, म्हणजे जिच्यापलीकडे गेलं की रिजेक्ट ती मर्यादा, १.९६. २.० मोठा, रिजेक्ट. याच नऊ वाचनांवरून काढलेला असेल तर टी, स्वातंत्र्य मात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम, इथे ९ वजा १) ८, क्रिटिकल व्हॅल्यू २.३०६. २.० लहान, रिजेक्ट नाही. पी-व्हॅल्यू साधारण ०.०८. आणि 'वाचन वाढलं आहे का' असं विचारलं असेल तर एका बाजूची १.८६०, पुन्हा रिजेक्ट! आकडे तेच, निकाल दोनदा फिरला. प्रश्नातला एकेक शब्द वाचावा लागतो तो यासाठी. टीचं वितरण १९०८ मध्ये विल्यम गॉसेट यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडलं. ते डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करत होते आणि त्यांच्या हाती छोटेच नमुने यायचे. छोटा नमुना आणि विचलनही त्यातूनच काढलेलं : ही खूण दिसली की टी.

कॅलक्युलेटरवर विचलनाच्या दोन किंमती मिळतात, एक एन ने भागलेली आणि एक एन वजा १ ने. तुम्हाला जवळजवळ नेहमी दुसरी हवी असते. कुठली कळ कुठली ते आठवत नसेल तर २, ४, ६ हे तीन आकडे घालून बघा. २ आलं तर ती एन वजा १ वाली, १.६३३ आलं तर दुसरी. परीक्षेच्या आदल्या दिवशी हे एकदा करून कळीवर ठिपका लावून ठेवा, नियमात बसत असेल तर. आणि प्रमाण त्रुटी निदान चार दशांश स्थळांपर्यंत ठेवा. ०.०१०९० चं ०.०१ केलंत तर झेड २.५ होतो.

टी-टेस्टमध्ये आणखी एक खड्डा आहे, तो तुमच्या क्षेत्राच्या प्रश्नांमध्ये वारंवार येतो. दोन ॲनालायझर, दहा रुग्णांचे तेच सीरम दोन्हींवर चालवले. प्रश्नात दोन रकाने दिसतात आणि हात आपोआप दोन स्वतंत्र नमुन्यांच्या सूत्राकडे जातो. पण ही जोडी आहे. प्रत्येक रुग्णाचा फरक काढायचा आणि त्या दहा फरकांवर एका नमुन्याची टी-टेस्ट करायची. समजा फरकांची सरासरी ३ आणि विचलन ४ : प्रमाण त्रुटी ४ ÷ √१० = १.२६५, टी २.३७, स्वातंत्र्य मात्रा ९ ला क्रिटिकल व्हॅल्यू २.२६२, रिजेक्ट. तेच आकडे स्वतंत्र समजून केले आणि रुग्णारुग्णांतलं विचलन दोन्ही मशीनवर ४० असलं, तर प्रमाण त्रुटी १७.८९ आणि टी ०.१७. रुग्णांच्या साखरेतल्या चढउतारात मशीनमधला फरक बुडून गेला. ओळखायची खूण : दोन रकान्यांपैकी एकाचा क्रम विस्कटला तर माहिती बिघडते का? बिघडत असेल तर जोडी.

'९५% विश्वास' याचा अर्थ विचारतात तेव्हा तुम्ही बहुधा 'खरं प्रमाण या अंतरालात असण्याची संभाव्यता ९५%' असं लिहीत असाल. अर्धे गुण त्यामुळेच जातात. खरं प्रमाण एक ठाम आकडा आहे. हलतो तो अंतराल, कारण तो नमुन्यावरून निघतो. ९५% ही पद्धतीची हमी आहे : असे नमुने पुन्हा पुन्हा घेऊन दर वेळी अंतराल काढला, तर साधारण शंभरातले ९५ अंतराल खऱ्या आकड्याला गाठतील. एका रविवारी हे स्वतः करून बघा. नाणं ५० वेळा उडवा, छापांचं प्रमाण काढा, अंतराल काढा. खरं प्रमाण आपल्याला माहीत आहे, ०.५. हिशेब केलात तर दिसेल की १९ ते ३१ छापा पडल्या तर अंतरालात ०.५ असतं, १८ किंवा कमी, नाहीतर ३२ किंवा जास्त पडल्या तर नसतं. घरातल्या मुलांना कामाला लावून वीस फेऱ्या झाल्या तर एखाददुसरी चुकते. (बारकाईने मोजलं तर ५० उडवण्यांच्या या सूत्राची हमी ९५ ऐवजी ९३.५ टक्क्यांच्या आसपास भरते. सूत्र अंदाजी आहे.)

अंतरालाची रुंदी निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो, दुप्पट नव्हे. आणि नमुना किती हवा असं विचारलं, समजा ३ टक्क्यांच्या फरकाने आणि ९५% विश्वासाने, तर प्रमाण माहीत नसल्यास ०.५ धरायचं : १.९६² × ०.२५ ÷ ०.०३² = १०६७.१. उत्तर १०६८. इथे नेहमी वरच जायचं. प्रत्यक्षातल्या मोठ्या पाहण्या मात्र इतक्या साध्या नसतात. तुमच्या लॅबपासून फार लांब नसलेली देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी करते. तिथे आधी गावं किंवा वस्त्या निवडतात, मग त्यातली घरं. एकाच वस्तीतली घरं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे प्रमाण त्रुटी या सूत्राने निघत नाही, सहसा मोठी येते. तुमच्या पिशवीतल्या हिंदकळलेल्या ट्यूबचीच ही गोष्ट.

कंट्रोलची रोजची वाचनं मांडतात त्या लेव्ही-जेनिंग्ज चार्टवरच्या दोन विचलनांच्या रेषा तुम्ही रोज बघता. मशीन उत्तम चालत असतानाही साधारण ५% वाचनं त्या रेषांबाहेर जातात. मग २० वाचनांत निदान एक बाहेर जाण्याची संभाव्यता १ वजा ०.९५ चा विसावा घात, म्हणजे ०.६४. कंट्रोलची वाचनं तपासण्याच्या वेस्टगार्डच्या नियमांत दोन विचलनांबाहेरचं एकच वाचन ही सूचना धरतात आणि तीन विचलनांबाहेर गेलं तर रन रद्द करतात, त्याचं कारण हेच. पेपरात हाच प्रश्न 'ॲट ०.०५ लेव्हल, वीस स्वतंत्र टेस्ट केल्या' अशा वेषात येतो, आणि बायनॉमियलचं प्रकरण संपलं म्हणून बाजूला ठेवलेल्यांना तो ओळखू येत नाही.

घरच्या तासाचं : तिसऱ्या आठवड्यापासून रोज दोन उदाहरणं पूर्ण, अटींपासून निष्कर्षापर्यंत. निष्कर्ष दोन वाक्यांचा, आणि दुसऱ्या वाक्यात ट्यूब, साखर, रुपये जे काही असेल ते आलंच पाहिजे : 'पी-व्हॅल्यू ०.०११ ही ०.०५ पेक्षा कमी असल्याने शून्य परिकल्पना नाकारली. नव्या सुया आल्यापासून हिमोलिसिसचं प्रमाण ५% पेक्षा वाढल्याचा पुरावा या नमुन्यात आहे.' 'सुयांमुळे वाढलं' असं लिहू नका. त्याच दिवसांत माणूसही बदलला असेल. चुकांची वही ठेवा, पण त्यात उदाहरण उतरवू नका. चूक कुठल्या जातीची एवढंच लिहा : वाचण्याची, पद्धत निवडण्याची, आकडेमोडीची, की निष्कर्षाच्या भाषेची. दहा-बारा दिवसांत एक जात पुढे येते आणि मग बाकीच्या तिघींवर वेळ घालवायची गरज राहत नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका, आठवड्याला दोन. त्याआधी नको, कारण ओळखच पक्की नसताना वेळ लावला की फक्त घाबरायला होतं.

सोमवारच्या लोकलसाठी एक देऊन ठेवतो. एका किटच्या डबीवर चुकीच्या निकालांचं प्रमाण ५% लिहिलं आहे. २०० चाचण्यांत १८ चुकीचे निघाले. (अ) प्रमाण ५% पेक्षा जास्त आहे का? (आ) खऱ्या प्रमाणाचा ९५% अंतराल काढा. (इ) त्या १८ पैकी ११ निकाल एकाच दिवशीचे होते असं कळलं, तर काय लिहाल?

उत्तरं : (अ) झेड २.६०, एका बाजूची पी-व्हॅल्यू ०.००४७, रिजेक्ट. (आ) ०.०५० ते ०.१३०. (इ) चाचण्या स्वतंत्र राहिल्या नाहीत, त्यामुळे (अ) आणि (आ) दोन्हींवर विसंबता येत नाही. आधी त्या दिवशी किट कुठे ठेवलं होतं, कुणी चालवलं आणि कंट्रोल बरोबर आला होता का ते बघायचं.